आतड्याचा आजार एकच, मग इलाज वेगवेगळा का?

फोंड्यात माझी फार्मसी आहे. पोटाची तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक सरळ बोलत नाही. आधी शेजारी कोण उभं आहे ते बघतं, मग काउंटरवर वाकतं आणि हळूच एखादा शब्द टाकतं. 'आंव पडते', 'मूळव्याध आहे', नाहीतर नुसतंच 'पोट'. आंव म्हटलं की मेट्रोनिडाझोल, मूळव्याध म्हटलं की मलम, पोट म्हटलं की ओआरएसची पाकिटं. चिठ्ठी असावी असा नियम आहे. तो किती पाळला जातो ते मी इथे लिहीत नाही. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, महिनोन्‌महिने भागत नाही, त्यांच्यातल्या काहींना आयबीडी असतो.

आयबीडी म्हणजे आतड्याला येणारी कायमची सूज. तिचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो. आतलं अस्तर सुजतं, त्याला बारीक जखमा होतात, शौचातून रक्त आणि आंव जाते, आणि माणूस रात्री झोपेतून उठून धावतो. क्रोन्स हा दुसरा. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो, म्हणून आतडं अरुंद होतं, कधी भगंदर होतं. दोन्हींत शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली असते. आयबीएस वेगळा. तिथे आतडं चिडकं असतं, पण सूज नसते आणि रक्त पडत नाही. नावं सारखी असल्यामुळे गल्लत फार होते, सुशिक्षितांचीही. आयबीडी बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतो, शिक्षण-नोकरी-लग्नाच्या वयात. तो पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो. शांत ठेवला नाही तर मग हॉस्पिटल.

विषय असा की, एकाच देशात, एकाच सरकारी व्यवस्थेत, हाच आजार असलेल्या दोन माणसांना ती कुठल्या समाजातली आहेत त्यावरून वेगळी वागणूक मिळते का? ज्या देशांनी हे मोजलं, तिथे उत्तर बऱ्याच ठिकाणी 'हो' असं आलं आहे. मोजायचं कसं आणि त्या 'हो'चा अर्थ काय, हे वाटतं तितकं सोपं नाही.

आधी एक जुना गैरसमज. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या बर्रिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १४ रुग्णांचं वर्णन छापलं. त्यावरून आजाराला क्रोन यांचं नाव पडलं. ते हॉस्पिटल ज्यू समाजाने उभारलेलं, रुग्णही बरेचसे ज्यू. पुढे कित्येक वर्षं हा गोऱ्यांचा, त्यातही ज्यूंचा आजार अशी समजूत राहिली. आपल्याकडे तिचीच दुसरी बाजू शिकवली जायची: भारतात आतड्याला जखमा दिसल्या तर आधी टीबी, नाहीतर अमिबा. आयबीडी हा साहेबाचा रोग.

या समजुतीला धक्का बसला तो इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून भारतीय वंशाच्या लोकांना हाकललं, तेव्हा बरीच गुजराती कुटुंबं लेस्टरला स्थायिक झाली. पुढे गोव्यासारखेच पोर्तुगीज पासपोर्टवाले दीव-दमणचे लोकही तिथे गेले. १९९२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी शहरातल्या नोंदी तपासून दाखवलं की हिंदू आणि शीख स्थलांतरितांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण स्थानिक गोऱ्यांपेक्षाही जास्त आहे. इकडे लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर पाहणी केली. २००३ मध्ये छापून आलेला त्यांचा आकडा लाखामागे सुमारे ४४ कोलायटिसचे रुग्ण असा होता. 'आपल्याकडे नसतो' या म्हणण्यात फारसा दम राहिला नाही.

पण पुस्तकातली समजूत जाते, डोक्यातली राहते. पोटात दुखणाऱ्या गोऱ्या मुलीकडे बघून जी शंका लगेच येते ती सावळ्या मुलाकडे बघून यायला वेळ लागतो. कातडीचाही प्रश्न आहे. आयबीडीत काहींच्या नडग्यांवर दुखऱ्या गाठी येतात. पुस्तकं त्यांना 'लाल' म्हणतात. आपल्या कातडीवर त्या लाल दिसतच नाहीत, काळपट-जांभळ्या दिसतात. लाल शोधणाऱ्याच्या नजरेतून त्या सुटतात.

हे सगळं मोजलं कसं गेलं? ब्रिटनने १९९१ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'तुमचा वांशिक गट कोणता' असं विचारलं आणि पुढे सरकारी हॉस्पिटलांत भरती होणाऱ्यांचीही तशी नोंद सुरू झाली. इंडियन, पाकिस्तानी, बांगलादेशी, ब्लॅक कॅरिबियन असे चौकोन असतात, एकावर खूण करायची. (पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेला आपला गोंयकार तिथे कुठल्या चौकोनावर खूण करत असेल, हा मला पडलेला खासगी प्रश्न.) आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. ब्रिटनचा तसाच कायदा त्याच वर्षी अमलात आला. लेस्टरच्या डॉक्टरांनी तो वापरला. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आरटीआय टाकली. वेगवेगळ्या हॉस्पिटलांना विचारलं की तुमच्याकडे क्रोन्सचे रुग्ण किती, त्यात दक्षिण आशियाई किती, आणि बायोलॉजिक औषधं दिलेल्यांत दक्षिण आशियाई किती.

बायोलॉजिक म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं. सूज पेटवणारा शरीरातला ठरावीक रेणू ती पकडून ठेवतात. पहिलं, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मंजूर झालं. गोळ्यांनी न आवरलेला आजार यांनी आवरतो, ऑपरेशनं टळतात. महाग असतात, म्हणून ती कोणाला द्यायची हा डॉक्टरचा मोठा निर्णय असतो, आणि मोठा निर्णय असतो तिथेच फरक दिसतो.

हिशोब एका काल्पनिक उदाहरणावर बघू. समजा एका हॉस्पिटलात क्रोन्सचे १०० रुग्ण आहेत, त्यात २० दक्षिण आशियाई. इंजेक्शन ३० जणांना मिळालं. सगळं सारखं असेल तर त्या तिसांत साधारण ६ जण आशियाई असायला हवेत. पाच असले, सात असले तर सोडून द्या. पण दोनच असले तर? नुसत्या योगायोगाने असं क्वचितच होतं. आणि अशाच हॉस्पिटलांची रांग लागली, तर योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत. लेस्टरकरांना काही हॉस्पिटलांत असाच उणा आकडा मिळाला, काहींत मिळाला नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. देश तोच, कायदा तोच, औषध तेच, रुग्णही तसेच, आणि तरी काही ठिकाणी फरक नाही. म्हणजे तो रक्तात लिहिलेला नाही, हॉस्पिटलच्या कामाच्या पद्धतीत कुठेतरी आहे.

लगेच कोणी म्हणेल, आशियाई लोकांचा आजार सौम्य असेल, त्यांना गरजच कमी असेल. शंका रास्त आहे, कारण प्रत्येक फरक म्हणजे अन्याय नव्हे. २००३ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने याबद्दल बरीच स्पष्ट रेघ मारली: आजाराची गरज आणि रुग्णाची स्वतःची निवड वजा केल्यावर जो फरक उरतो, त्याला विषमता म्हणायचं. वजाबाकी मात्र अवघड. ब्रिटनमधल्या भारतीयांत कोलायटिस मोठ्या आतड्याचा जास्त भाग व्यापतो असं दिसलेलं आहे, तेव्हा 'सौम्य' हे उत्तर निदान कोलायटिसला तरी बसत नाही. रुग्णच इंजेक्शनला नको म्हणत असतील हीसुद्धा शक्यता आहे. पण 'नको' कशातून येतं? इंजेक्शन म्हणजे शेवटचा इलाज असं ज्याला वाटतं, आणि ते काय आहे हे ज्याला त्याच्या भाषेत कोणी समजावलेलं नाही, त्याची 'निवड' कितपत निवड म्हणायची?

पैशाचा प्रश्न तिथे नाही हे लक्षात ठेवा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ही इंजेक्शनं रुग्णाला फुकट मिळतात. आपल्याकडे कसलीही विषमता निघाली की आपण 'पैसा' म्हणून मोकळे होतो. तिथे ते उत्तर चालत नाही, म्हणूनच तिथली उदाहरणं उपयोगी आहेत. पैसा बाजूला ठेवल्यावर काय उरतं ते दिसतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण गुंतागुंतीचं आहे. २००६ मध्ये देशभरातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून निघालं की कोलायटिससाठी भरती झालेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांत मोठं आतडं काढून टाकण्याच्या ऑपरेशनचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आहे, वय, विमा वगैरे हिशोबात धरूनही. कमी ऑपरेशनं ही चांगली बातमी की वाईट? आतडं वाचलं म्हणून चांगली. पण वेळेवर न केलेलं ऑपरेशन जिवावर बेततं, म्हणून वाईटही असू शकते. नुसता आकडा हे सांगत नाही. त्यासाठी वॉर्डात जावं लागतं.

वॉर्डात काय होतं ते सांगतो, कारण आयबीडीत हॉस्पिटलचा मुक्काम म्हणजे घड्याळाशी शर्यत असते. कोलायटिस जोरात उसळला की दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, त्यात ताप किंवा नाडी नव्वदच्या वर किंवा रक्त उतरलेलं. हे निकष १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी मांडले आणि आजही सगळीकडे तेच वापरतात. असा रुग्ण भरती झाला की शिरेतून स्टेरॉइड सुरू होतं. रक्त पडत असतानाच रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिनही पोटाच्या कातडीत टोचतात. घरचे घाबरतात, 'आधीच रक्त जातंय, त्यात हे कशाला?' पण सुजलेल्या आतड्याच्या माणसाच्या शिरांत गाठी होण्याचा धोका खरोखरच वाढलेला असतो, आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर खेळ खलास.

मग येतो तिसरा दिवस. ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवलं की स्टेरॉइडच्या तिसऱ्या दिवशीही आठाहून जास्त वेळा शौचाला जावं लागत असेल, किंवा तीन ते आठ वेळा पण सीआरपी (रक्तातून सूज मोजणारा आकडा) पंचेचाळीसच्या वर असेल, तर अशा १०० पैकी ८५ जणांना त्याच मुक्कामात ऑपरेशन लागत होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी ठरवायचं: इन्फ्लिक्सिमॅबसारखं दुसरं औषध की सर्जन. वाट बघत बसायचं नाही.

आता बघा, हा सगळा डोलारा कशावर उभा आहे? 'किती वेळा गेलात?' या एका प्रश्नाच्या उत्तरावर. खाटेला एक तक्ता लटकवलेला असतो, त्यात वेळ, रक्त होतं का, किती. तो भरणार कोण? रुग्णाने सांगायचं आणि नर्सने लिहायचं. ज्याला नर्सची भाषा येत नाही तो दोन बोटं दाखवतो. आता दोनदा गेला, की रात्रीपासून दोनदा? ज्या बाईला पुरुष वॉर्डबॉयसमोर रक्ताबद्दल बोलायची लाज वाटते ती 'बरं आहे' म्हणते. तक्त्यावर चार लिहिलं जातं, खरे असतात दहा. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेला डॉक्टर तक्ता बघतो, 'सुधारतंय' म्हणतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. त्याच्या मनात कसलाही दुजाभाव नव्हता. तरी त्या रुग्णाचा तिसरा दिवस पाचव्या दिवशी उगवला.

विषमता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तुसडा, जातीयवादी नाहीतर वंशवादी माणूस उभा राहतो. तसे असतातच. पण जास्त फरक अशा बारीक ठिकाणी पडतो, जिथे कोणाला तरी विचारावं लागतं आणि कोणाला तरी सांगावं लागतं.

दुसरं उदाहरण औषधाचंच, आणि ते मला धंद्यामुळे जवळचं. आयबीडीत अझाथायोप्रिन ही जुनी, स्वस्त गोळी खूप चालते. काहींच्या शरीरात ती नीट मोडत नाही, साठते, आणि पांढऱ्या पेशी धाडकन उतरतात. आधी ओळखता यावं म्हणून ब्रिटनमध्ये टीपीएमटी नावाची तपासणी नेहमीची आहे. ती शोधली गेली ती युरोपीय लोकांच्या जनुकांवरून. आशियाई लोकांत हा धोका बहुतेकदा वेगळ्याच जनुकातून येतो, त्याचं नाव एनयूडीटी१५. हे २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधनातून पुढे आलं, भारतीयांतही तो बदल युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. म्हणजे भारतीय माणसाचा टीपीएमटी रिपोर्ट 'नॉर्मल' येणार, डॉक्टर निश्चिंत होणार, आणि धोका होता तिथेच राहणार. तपासणी सगळ्यांना सारखीच केली होती. सारखी होती हीच तिची अडचण. सुरुवातीच्या आठवड्यांत वरचेवर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली तर हे पकडता येतं. चिठ्ठीवर अझाथायोप्रिन नवीन दिसलं की मी आता विचारतो, 'रक्त कधी तपासायला सांगितलंय?' आणि केस मुठीने गळायला लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला गाठा म्हणून सांगतो. पेशी उतरायच्या आधी कित्येकदा केस खबर देतात.

टीबीचं कोडं तर आपलंच. लहान आतडं मोठ्याला जिथे मिळतं तिथे टीबीही बसतो आणि क्रोन्सही, आणि दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसू शकतात. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकणार, म्हणून भारतात शंका असली की आधी टीबीची औषधं देऊन बघतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते बघायचं. न भरल्या तर क्रोन्सचा विचार. यात डॉक्टरांची चूक नाही. चूक होते ती दुसरी दुर्बीण राहून जाते तेव्हा. माणूस मजुरीला दुसऱ्या गावी गेला, किंवा 'औषध चालूच आहे' म्हणून कोणी बोलावलं नाही, तर सहा-नऊ महिने टीबीच्या गोळ्या खाण्यात जातात आणि तोवर आतडं चिंचोळं होऊन बसतं. बायोलॉजिकचीही हीच गत. ती दिल्यावर झोपलेला टीबी जागा होऊ शकतो हे २००१ पासून माहीत आहे, म्हणून आधी तपासणी लागते. भारतीय रुग्णाची ती 'पॉझिटिव्ह' येण्याची शक्यता जास्त. तेव्हा प्रतिबंधक औषध देऊन पुढे जायचं असतं. काही डॉक्टर पुढे जातच नाहीत.

माझा एक मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेला. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. गोदामात रात्रपाळी करतो, त्याला कोलायटिस निघाला. औषध फुकट, हॉस्पिटल चांगलं, डॉक्टर सभ्य. आजार उसळला की आयबीडीच्या नर्सला फोन करायचा आणि निरोप ठेवायचा, अशी तिथली सोय. सोय उत्तम आहे. पण हा कामावरून सकाळी येऊन झोपतो, नर्सचा उलटा फोन येतो तेव्हा घोरत असतो. आणि यंत्राला इंग्रजीत 'माझ्या शौचातून रक्त जातंय' सांगायचं म्हटलं की त्याची जीभ वळत नाही. मला विचारलं, 'दादा, मेल्या, रक्ताची हगवण ह्येका साहेबाच्या भाशेत काय म्हणटत?' मी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. फोन केला की नाही, ते अजून सांगत नाही. तिथल्या कागदावर त्याची नोंद 'संपर्क साधला नाही' अशी असणार.

तिकडे त्याच्या नावापुढे निदान एक चौकोन तरी आहे. उद्या कोणी हिशोब केला तर तो त्यात मोजला जाईल. इथे गोव्यात असा हिशोब करायचा ठरवला तर कशावरून करायचा? वंश हा शब्द आपल्याला नीट लागू होत नाही, पण वर म्हटलेल्या सगळ्या फटी इथेही आहेत. त्या भाषेच्या आहेत, पत्त्याच्या आहेत. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यक शाळेचा वारसा सांगणारं आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आज बांबोळीला आहे आणि निम्मा सिंधुदुर्गही तिथेच धावतो. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या माणसाला गोमेकॉ आपल्या राज्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांपेक्षा जवळ. २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं आणि सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडची आतडी व पलीकडची आतडी यांत फरक पडला. गोवा सरकारचंही म्हणणं होतं, गोव्याच्या करातून किती जणांचं बघायचं? खोटं नाही ते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेच्या कार्डालाही गोव्यात पाच वर्षांचा रहिवास लागतो. बागलकोटहून आलेला गवंडी, ओडिशाहून आलेला बोटीवरचा खलाशी, बिहारचा टाइल्सवाला, यांच्यातले बरेच त्यात बसत नाहीत. बसतात त्यांच्याकडे पुन्हा कागद नसतात. आणि आयबीडी तर वर्षानुवर्षं चालणारा आजार. एकदा भरती होऊन संपत नाही, महिन्याच्या महिन्याला सूज दाबून ठेवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या लागतात. माझ्याकडे लोक त्या दहा दिवसांच्या घेतात, बरं वाटलं की बंद करतात.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी चवथीच्या आधी आमच्याच वाड्यावरचे एक बँकेतले गृहस्थ आले. मुलगा इंजिनिअरिंगला, महिनाभर शौचातून रक्त, वजन उतरलं. मी म्हटलं, 'काका, मलमं लावत बसू नका, सरळ पोटाच्या डॉक्टरला दाखवा, कोलोनोस्कोपी करून घ्या.' पंधरा दिवसांत निदान झालं. मुलगा आता ठीक आहे. काका येता-जाता मला हात दाखवतात.

त्याच सुमाराला एक कानडी गवंडी यायचा. हिंदी तोडकी, कोकणी त्याहून तोडकी. 'शेठ, वो मलम दो.' मी दिलं. महिन्याने परत आला, परत दिलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा हातात मलमाचं रिकामं टोपण होतं, नाव सांगता येत नाही म्हणून तेच दाखवायला आणलेलं. तिन्ही वेळा मी विचारलं नाही की रक्त किती दिवस जातंय, रात्री उठावं लागतं का, वजन उतरलं का. मागे चारजण उभे होते, तो घाईत वाटला, मी घाईत होतो. त्याला मी कधी तोडून बोललो नाही, उलट एकदा सुटे नव्हते म्हणून पाच रुपये सोडलेसुद्धा.

चौथ्यांदा तो आला नाही, त्याचा मुकादम आला. गवंडी साइटवर चक्कर येऊन पडला होता आणि त्याला बांबोळीला नेलं होतं.

तीन आठवड्यांनी तो स्वतः आला, निम्मा झालेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, तिच्यात डिस्चार्जचा कागद. अल्सरेटिव्ह कोलायटिस. खाली स्टेरॉइडचा उतरता डोस: पाच मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या रोज सकाळी, दर आठवड्याला एक कमी. हे औषध एकदम तोडलं तर माणूस आडवा होतो, आणि कमी न करता चालू ठेवलं तर हाडं, साखर, डोळे सगळंच जातं. कागदावर सगळं नीट लिहिलं होतं, इंग्रजीत. त्याला येत होती ती कानडी अक्षरं.

दुपारची वेळ होती, दुकान रिकामं. मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा केला, वर उगवता सूर्य काढला. त्याखाली आठ उभ्या रेघा, त्याखाली सात, मग सहा. प्रत्येक ओळीपुढे आठवड्याचे सात ठिपके, रोज एक खोडायचा. तो बघत राहिला. मग बोटाने पहिल्या ओळीतल्या रेघा मोजल्या, कानडीत, आठपर्यंत. आणि विचारलं, 'जेवणाआधी की नंतर?' ते कागदावर इंग्रजीतही नव्हतं. 'नंतर,' मी म्हटलं, आणि सूर्याशेजारी एक ताट काढलं.